गव्हाचा कस आणि शेतीची रीत

(व्याख्यानाचा मजकूर)

गहू बाजारात आला की त्याचे पहिले मोजमाप काट्यावर होते. पोत्याचे वजन, दाण्यातील ओलावा, काडीकचरा, फुटके आणि सुरकुतलेले दाणे एवढे पाहिले की भाव ठरतो. शासकीय खरेदीतही मुख्यतः याच बाबी तपासल्या जातात. दाण्यात प्रथिने किती, जस्त किती, लोह किती, हे तेथे विचारले जात नाही. वस्तुतः ज्या घरात पोटाची भिस्त मुख्यतः पोळीवर असते, त्या घरातील मुलांच्या वाढीच्या दृष्टीने हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. गव्हाचे हिशेब दोन आहेत. एक वजनाचा व दुसरा कसाचा. पहिला हिशेब देशाने गेल्या सहा दशकांत मोठ्या परिश्रमाने जुळवून आणला. दुसऱ्या हिशेबाकडे मात्र अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. दाण्याचा हा कस शेतात कसा घडतो, कशामुळे उतरतो आणि तो सावरण्यासाठी काय करता येते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

दाण्याची घडण

गव्हाच्या दाण्यात वजनाने साधारण ६० ते ७० टक्के पिष्ट असते. प्रथिनांचे प्रमाण बहुधा १० ते १४ टक्के असते. परंतु वाण, जमीन आणि मशागत यांनुसार ते याहून खाली किंवा वर जाऊ शकते. तेलाचा अंश सुमारे २ टक्के आणि खनिजांचा दीड ते दोन टक्के. बाकी तंतुमय भाग आणि ओलावा. दाण्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग म्हणजे आतला पांढरा गर. बाहेरचा कोंडा आणि तळाशी असलेला इवलासा अंकुर मिळून वजनाचा लहानसाच हिस्सा होतो. पण जस्त, लोह आणि मॅग्नेशियम यांचा मोठा साठा या लहान हिश्श्यातच असतो.

हे सर्व घटक दाण्यात एकाच वाटेने किंवा एकाच वेळी येत नाहीत, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. पिष्ट मुख्यतः फुलोऱ्यानंतर तयार होते. हिरवी पाने सूर्यप्रकाशात जी साखर करतात तिचे ते रूप होय. प्रथिनांसाठी लागणारे नत्र मात्र रोपाने बव्हंशी फुलोऱ्यापूर्वीच जमिनीतून उचलून पानांत आणि खोडात साठवलेले असते व पुढे ते दाण्याकडे वळते. जस्त आणि लोह काही अंशी मुळांकडून थेट, तर काही अंशी पानांतील साठ्यातून येतात. त्यामुळे शेतकऱ्याने उचललेले एकच पाऊल एका घटकाला वाढविते आणि दुसऱ्याला घटविते. दाण्याच्या रसायनाचे सारे कोडे येथे आहे.

प्रथिनांचा शोधही गव्हापासूनच सुरू झाला म्हणावयास हरकत नाही. इटलीतील बोलोन्या येथील बेकारी या विद्वानाने १७२८ मध्ये कणीक पाण्याखाली धुऊन पिष्ट वेगळे केले व हाती राहिलेल्या चिवट पदार्थाचे, म्हणजे ग्लुटेनचे, वर्णन केले. पोळी लाटली जाते आणि पाव फुगतो तो या पदार्थामुळे. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत केल्डाल यांनी नत्र मोजण्याची सुटसुटीत पद्धत शोधली. गव्हातील नत्राचे प्रमाण ५.७ ने गुणून प्रथिने काढण्याची रीत आजही प्रचारात आहे.

रॉथॅमस्टेड येथील साक्ष

शेतीपद्धतीचा दाण्यावर होणारा परिणाम एक-दोन हंगामांच्या अनुभवावरून ठरविणे धोक्याचे असते. एखाद्या वर्षी पाऊस वेगळा, एखाद्या वर्षी थंडी वेगळी. म्हणून इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील ब्रॉडबॉक या शेताला जगात आगळे महत्त्व आहे. लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये तेथे गव्हाचा प्रयोग सुरू केला आणि तो अद्याप चालू आहे. एका तुकड्याला कोणतेही खत नाही, एकाला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, तर इतरांना नत्र, स्फुरद, पालाश इत्यादी खते वेगवेगळ्या प्रमाणांत. विशेष म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तेथील धान्याचे आणि मातीचे नमुने जपून ठेवण्यात आले.

या नमुन्यांचे पृथक्करण करून संशोधकांनी २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १८४५ ते १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दाण्यातील जस्त, लोह, तांबे आणि मॅग्नेशियम यांचे प्रमाण जवळजवळ स्थिर होते. त्यानंतर ते लक्षणीय रीतीने घसरत गेले. जमीन निकस झाली असावी, असा तर्क कोणीही करील. परंतु मातीच्या नमुन्यांत ही खनिजे कमी झालेली नव्हती. काही ठिकाणी ती वाढलीच होती. रासायनिक खतांमुळे तसे झाले असावे, असा दुसरा तर्क. पण बिनखताच्या, शेणखताच्या आणि रासायनिक खताच्या अशा तिन्ही तुकड्यांवर उतार सारखाच दिसला. घसरणीचा काळ जुळला तो बुटक्या, अधिक उत्पन्न देणाऱ्या वाणांच्या आगमनाशी.

याचे कारण समजण्यास अवघड नाही. गुळाच्या एका खड्याने तांब्याभर पाणी गोड होते. तोच खडा हंडाभर पाण्यात टाकला तर चव सपक लागते. बुटक्या वाणाची काडी आखूड आणि ओंबी जड असते. पिष्ट पुष्कळ वाढते, पण मुळांनी उचललेली खनिजे त्या प्रमाणात वाढत नाहीत. उत्पन्न वाढते आणि कस पातळ होतो.

भारताचा अनुभव

बुटक्या वाणांना दोष देण्यापूर्वी भारताची तेव्हाची स्थिती आठवावी. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे सव्वा कोटी टन गहू पिकला आणि पुढची दोन वर्षे दुष्काळाची गेली. परदेशी धान्याच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याची वेळ देशावर आली होती. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणे आणण्यात आले. नॉर्मन बोरलॉग यांच्या वाणांना डॉ. एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांची जोड मिळाली; कल्याण सोना आणि सोनालिका हे वाण गावोगाव पोहोचले. २०२२-२३ मध्ये देशाचे गव्हाचे उत्पादन ११ कोटी टनांवर गेले. उपासमार टळली, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि या यशाची दुसरी बाजूही तपासली गेली आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि पश्चिम बंगालमधील विधानचंद्र कृषी विश्वविद्यालय यांच्या संशोधकांनी वेगवेगळ्या दशकांत प्रसारित झालेल्या वाणांचे बियाणे मिळवून ते सारख्या परिस्थितीत वाढविले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार १९६० च्या दशकातील गव्हाच्या वाणांत किलोमागे सुमारे ३३ मिलिग्रॅम जस्त होते. २०१० च्या दशकातील वाणांत ते साडेतेवीस मिलिग्रॅमच्या आसपास आले. लोह सुमारे ५७ वरून ४६ वर उतरले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील मुलांपैकी ६७ टक्के आणि १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि सारा दोष गव्हावर टाकणे न्यायाचे होणार नाही. परंतु डाळ, भाजी, दूध आणि अंडी ज्यांच्या ताटात क्वचितच येतात, त्यांच्या बाबतीत धान्यातील प्रत्येक मिलिग्रॅमला मोल आहे.

खत : किती, केव्हा आणि कोणते

वाण हा एक भाग झाला. दुसरा भाग खताचा. नत्राची मात्रा जितकी महत्त्वाची, तितकीच तिची वेळही महत्त्वाची आहे. पेरणीच्या वेळी आणि पहिल्या पाण्याच्या सुमारास दिलेले नत्र फुटवे आणि ओंब्यांची संख्या वाढविते, म्हणजे वजन वाढविते. पीक पोटरीत असताना किंवा फुलोऱ्याच्या सुमारास मिळालेले नत्र नवे फुटवे आणत नाही. ते दाण्यातील प्रथिनांत जमा होते. सर्व नत्र आरंभीच टाकून मोकळे होणाऱ्या शेतात उत्पन्न बरे येते, पण शेवटी पिकाला नत्राची चणचण भासते. बन्सी गव्हात याची खूण डोळ्यांनी दिसते. काचेसारख्या पारदर्शक दाण्यावर पांढरट-पिवळे, पिठूळ डाग पडतात. असा दाणा शेवया आणि रव्याला उतरत नाही. नत्राचा आणखी एक गुण म्हणजे जमिनीत जस्त पुरेसे असेल तर नत्राच्या समतोल पुरवठ्याने दाण्यातील जस्त आणि लोहही वाढते.

नत्राला गंधकाची सोबत लागते. ग्लुटेनचे धागे एकमेकांत गुंफले जातात ते गंधकाच्या दुव्यांनी. गंधक कमी पडले तर प्रथिनांचा आकडा ठीक दिसूनही कणीक नीट बांधली जात नाही. शिवाय प्रथिनांत न गुंतलेले ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल दाण्यात साठते आणि जास्त आचेवर भाजताना त्यापासून ॲक्रिलामाइड हे अनिष्ट द्रव्य तयार होते. ब्रिटनमध्ये कारखान्यांचा धूर आटोक्यात आल्यावर हवेतून फुकट मिळणारे गंधक घटले आणि तेथील गव्हाला ते खतातून द्यावे लागले. भारतात अमोनियम सल्फेट आणि सिंगल सुपर फॉस्फेट यांतून गंधक आपोआप मिळत असे. युरिया आणि डीएपी यांचा वापर वाढला तसा हा पुरवठा आटला.

स्फुरदाची गोष्ट निराळी आहे. पिकाला स्फुरद हवेच. पण गरजेपेक्षा अधिक स्फुरद जस्ताच्या आड येते. मुळांना जस्त पोहोचविणाऱ्या उपकारक बुरशीची वाढ त्यामुळे मंदावते. शिवाय दाण्यात स्फुरद मुख्यतः फायटिक आम्लाच्या रूपाने साठते आणि हे आम्ल जस्त व लोह यांना जखडून ठेवते. म्हणजे दाण्यात जे थोडे जस्त आले, तेही माणसाच्या अंगी पुरते लागत नाही. पीठ आंबविल्याने किंवा धान्याला मोड आणल्याने ही जखड सैल होते.

जस्ताच्या बाबतीत तुर्कस्तानचा धडा उद्‌बोधक आहे. मध्य ॲनातोलियाच्या चुनखडीयुक्त जमिनीत गव्हाची वाढ खुंटत असे. १९९० च्या दशकात चुकुरोवा विद्यापीठाचे इस्माईल चाकमाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्ताची उणीव हे त्याचे कारण असल्याचे दाखवून दिले व तेथे जस्तयुक्त खतांचा प्रसार झाला. पुढे भारतासह सात देशांत झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. जस्त न देता पिकविलेल्या दाण्यात किलोमागे सरासरी २७ मिलिग्रॅम जस्त होते. केवळ जमिनीतून जस्त दिल्याने त्यात फारशी भर पडली नाही. पण पिकावर झिंक सल्फेटची फवारणी केली तेव्हा हा आकडा ४८ वर गेला. दाणा भरण्याच्या सुमारास, चिकाच्या अवस्थेत, अर्धा टक्का द्रावणाची फवारणी विशेष उपयोगी ठरते. जमिनीत दिलेले जस्त उत्पन्न सावरते आणि पानावर दिलेले जस्त दाणा समृद्ध करते, असे थोडक्यात म्हणता येईल.

पाणी आणि पेरणीची वेळ

महाराष्ट्रात हिवाळा आखूड असतो. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. ऊस तुटण्यास किंवा कापूस निघण्यास उशीर झाला की गव्हाची पेरणी डिसेंबरात जाते आणि दाणे भरण्याच्या वेळी उन्हाचा चटका बसतो. दाणा भरण्याचे दिवस कमी होतात, पिष्ट पुरेसे साठत नाही आणि दाणा बारीक व सुरकुतलेला राहतो. अशा दाण्यात प्रथिनांची टक्केवारी जास्त दिसते. पण ही श्रीमंती फसवी असते. प्रथिने वाढलेली नसतात, पिष्ट घटलेले असते. तीव्र उष्णतेने प्रथिनांची आपसांतील प्रमाणेही बदलतात व कणीक सैल पडते.

पाण्याचेही तसेच आहे. भरपूर पाण्याने दाणा टपोरा होतो. मात्र नत्राची जोड नसेल तर प्रथिने विरळ होतात. कोरडवाहू बन्सी गव्हाला महाराष्ट्रात पूर्वीपासून जो मान आहे, त्याला हा रासायनिक आधार आहे. म्हणून कसाची तुलना करताना केवळ टक्केवारी न पाहता एकरी किती प्रथिने आणि किती जस्त हाती आले, तेही पाहावे.

सेंद्रिय की रासायनिक?

हा प्रश्न गावोगाव विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा आवेशाने दिले जाते. स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळील थेरविल येथे १९७८ पासून दोन्ही पद्धतींचा शेजारीशेजारी प्रयोग चालू आहे. एकवीस वर्षांच्या अनुभवाअंती तेथे असे दिसले की, सेंद्रिय पद्धतीत गव्हाचे उत्पन्न १४ टक्क्यांनी कमी आले, बाहेरून दिलेले नत्र मात्र पुष्कळच कमी लागले, आणि दाण्यातील प्रथिने व खनिजे यांत मोठा फरक आढळला नाही. इतरत्र नत्र अपुरे पडल्यास सेंद्रिय गव्हात प्रथिने कमी भरल्याचेही आढळते. उलट काही स्फुरदयुक्त खतांतून येणारे कॅडमियम हे विषारी द्रव्य सेंद्रिय धान्यात सामान्यतः कमी असते. सारांश, खताच्या पोत्यावरील नावापेक्षा जमिनीत काय आहे, काय नाही आणि पिकाला ते केव्हा मिळाले, यावर कस ठरतो. शेणखत आणि कंपोस्ट यांचे महत्त्व याच दृष्टीने आहे. त्यांच्यामुळे जमिनीतील जस्त आणि लोह मुळांना उचलता येईल अशा स्थितीत राहते.

शासनाने ठरविले तर

दाण्याचा कस हा सार्वजनिक धोरणाचा विषय होऊ शकतो, याचे उत्तम उदाहरण फिनलंडने घालून दिले. तेथील जमिनीत सेलेनियम हे सूक्ष्म द्रव्य पिकांना फार थोडे मिळे. १९८४ मध्ये शासनाने खतांतच ते मिसळण्याचा निर्णय घेतला. थोड्याच वर्षांत धान्यातील आणि लोकांच्या रक्तातील सेलेनियमचे प्रमाण पुरेसे झाले. परंतु हे अनुकरण आंधळेपणाने करून चालणार नाही. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूर या भागांतील काही जमिनींत सेलेनियम मुळातच इतके अधिक आहे की, तेथील गव्हात ते अपायकारक प्रमाणात उतरते. माती तपासल्यावाचून औषध नाही, हा यातील बोध होय.

महाराष्ट्रातील पुष्कळशा काळ्या जमिनी चुनखडीयुक्त व अल्कधर्मी आहेत. अशा जमिनीत जस्त आणि लोह असूनही ते मुळांना सहजी मिळत नाहीत. या राज्याला आशेची बाजूही आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेल्या एमएसीएस ४०२८ या बन्सी वाणात सुमारे १४.७ टक्के प्रथिने, किलोमागे ४०.३ मिलिग्रॅम जस्त आणि ४६.१ मिलिग्रॅम लोह नोंदले गेले आहे. हा वाण कोरडवाहू आणि मर्यादित पाण्यासाठी आहे. याच संस्थेच्या एमएसीएस ६४७८ या वाणात १४ टक्के प्रथिने आणि किलोमागे ४४.१ मिलिग्रॅम जस्त आढळते. सातारा जिल्ह्यातील करंजखोप येथील शेतकऱ्यांना त्याचे हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल उत्पन्न मिळाले. पूर्वी ते २५ ते ३० क्विंटल असे. वजन आणि कस यांचे हाडवैर नाही, हे यावरून स्पष्ट होते. मात्र वाणाची क्षमता शेतात उतरावयाची तर जमिनीत जस्त हवे. रिकाम्या कणगीतून उत्तम मापानेही धान्य निघत नाही.

कोणी काय करावे

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत १२ बाबींची नोंद असते; त्यांत गंधक, जस्त आणि लोह यांचा समावेश आहे. ग्रामपंचायतींनी ही पत्रिका शेतकऱ्याच्या पेटीत पडून राहू देऊ नये. आपल्या शिवारातील किती जमिनींत जस्त आणि गंधक कमी आहे, याचा गोषवारा पेरणीपूर्वी ग्रामसभेत वाचून दाखविल्यास खताची मागणी आपोआप सुधारेल. कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांनी गव्हाच्या प्रात्यक्षिकांत वजनाबरोबर दाण्याचे पृथक्करणही करून घ्यावे. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा येथे प्रथिनांच्या प्रमाणानुसार गव्हाची प्रतवारी होते. ज्या गोष्टीला बाजारात भाव नाही तिच्यासाठी शेतकऱ्याने पदरमोड करावी, अशी अपेक्षा फार काळ ठेवता येत नाही. खरेदीच्या यंत्रणेने या दिशेने विचार करणे अगत्याचे आहे.

शिक्षकांचे कार्यही मोलाचे आहे. बेकारीचा प्रयोग कोणत्याही शाळेत, कणकेचा गोळा आणि तांब्याभर पाणी एवढ्या साहित्यावर होऊ शकतो. गावातील दोन शेतांतील गव्हाची कणीक धुऊन ग्लुटेन तोलले तर शेतीची रीत दाण्यात कशी उतरते, हे मुलांना स्वतःच्या हातांनी कळेल. कोंड्याचे महत्त्वही तेथेच सांगता येईल. बारीक चाळणीने कोंडा काढून टाकणे म्हणजे शेतात कमावलेले घरात गमावणे होय.

साठ वर्षांपूर्वी देशापुढे प्रश्न होता तो पोट भरण्याचा. शेतकरी, शास्त्रज्ञ आणि शासन यांनी मिळून तो सोडविला. त्या वेळी पोती मोजणे आवश्यक होते आणि ते योग्यही होते. आता त्याच काट्याशेजारी दाण्याच्या कसाचे माप ठेवण्याची वेळ आली आहे. योग्य वाण, वेळेवर पेरणी, विभागून दिलेले नत्र, गंधक व जस्त यांची जोड आणि जमिनीत सेंद्रिय द्रव्य, या पाच गोष्टींत अवाढव्य खर्चाचे असे काही नाही. त्या पाळल्या गेल्या तर तेवढ्याच पोळीतून मुलाच्या पोटात अधिक पोषण जाईल, आणि गव्हाचे दोन्ही हिशेब जुळतील.